रानांतील गोचिडांची पाहणी व शेतकऱ्यांचें हित

शेतकऱ्यावर येणारीं कांहीं संकटें वाजतगाजत येतात. अवर्षण, गारपीट, अतिवृष्टि, टोळधाड हीं त्या वर्गांतलीं होत. त्यांचा पंचनामा होतो, वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात, आणि थोडीबहुत कां होईना, मदतही मिळते. परंतु कांहीं संकटें इतकीं लहान असतात कीं, तीं अंगाला चिकटलीं तरी माणसास कळत नाहींत. अशाच एका संकटाविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव गोचीड.

गोचीड म्हटला कीं आपणांस गाईच्या कासेजवळचे, बैलाच्या मानेखालचे, कुत्र्याच्या कानांतले टपोरे दाणे आठवतात. तो गुरांचें रक्त पितो, दूध आटवितो, वासरें खंगवितो, इतकें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु त्याच गोचिडाच्या पोटांत माणसास मारणारे जीवाणु वास करूं शकतात. ते कोणत्या रानांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या जातीच्या गोचिडांत आहेत याची कोणीतरी नेमानें पाहणी केली पाहिजे, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या मनांत येते. ही पाहणी व्हावी, ती दरसाल व्हावी, आणि तिच्यांत शेतकऱ्यांनीं आपण होऊन हातभार लावावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें पुढें सांगतों.

गोष्ट घरची आहे, म्हणून संकोचानें सांगतों. आमची थोडी जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाट्यानें करणाऱ्या एका कुटुंबांतील पंचविशींतला तरुण तीन वर्षांपूर्वीं, भाताची कापणी आटोपून गवत कापण्याच्या दिवसांत, तापानें पडला. पहिले तीन दिवस घरगुती काढा झाला. आम्ही स्वतः त्यास पाहावयास गेलों होतों, आणि उन्हांत राबल्यानें उष्णता झाली असेल, असा शहाणपणाचा शेराही मारून आलों. पुढें त्यास तालुक्याच्या गांवीं नेलें. तेथें विषमज्वर ठरला व त्यावर इंजेक्शनें सुरू झालीं. सहाव्या दिवशीं मनगटांवर व घोट्यांवर तांबडे ठिपके उठले व ते तळहातांवर पसरले. कोणी त्यांस गोंवर म्हणालें, कोणी औषध बाधलें म्हणालें. नवव्या दिवशीं त्यास मोठ्या इस्पितळांत हलविलें, आणि अकराव्या दिवशीं सर्व आटोपलें. रक्ताच्या तपासणीचा कागद त्यानंतर चार दिवसांनीं हातीं आला. त्यांत गोचिडांपासून होणाऱ्या ठिपक्यांच्या तापाचें नांव होतें. तेव्हां त्याची आई म्हणाली, “ताप येण्याच्या आधीं आठ दिवस त्यानें कानामागचा गोचीड ओढून काढला होता. पण सांगण्यासारखें त्यांत काय होतें?”

हा प्रश्न आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं. सांगण्यासारखें त्यांत काय होतें, हें त्या माउलीस ठाऊक नव्हतें, आम्हांस नव्हतें, आणि डॉक्टरांनींही तें विचारलें नाहीं. दोष कोणा एकाचा नव्हे. आपल्या शिवारांतील गोचिडांत काय आहे हेंच जेथें कोणास ठाऊक नाहीं, तेथें कोणी काय विचारावें आणि कोणी काय सांगावें?

हा ताप कांहीं काल-परवांचा नव्हे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेगॉ नांवाच्या डॉक्टरांनीं १९२१ सालीं, हिंदुस्थानांत टायफससारखा एक ताप आढळतो व तो बहुधा गोचिडांपासून होत असावा, अशा आशयाचा लेख प्रसिद्ध केला. त्यास शंभरांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. या तापाचा जीवाणु रिकेट्सिया या वर्गांतला आहे, आणि कुत्र्यांच्या अंगावर आढळणारा तपकिरी गोचीड हा त्याच्या वाहकांपैकीं एक समजला जातो. त्यावर औषध नाहीं, असेंही नाहीं. डॉक्सिसायक्लिन नांवाचें औषध जुनें आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांतून मिळतें. आणि तें वेळेवर पोटांत गेलें तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरूं लागतो. उलटपक्षीं पेनिसिलीन व त्याच्या जातकुळींतलीं जीं औषधें इतर तापांत सर्रास दिलीं जातात, तीं या जीवाणूवर चालत नाहींत. म्हणजे रोगी औषध घेत असतो, पैसे खर्चत असतो, आणि रोग मात्र निर्वेध वाढत असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१५ सालीं या वर्गांतील तापांविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. संशय येतांच, तपासणीच्या निकालाची वाट न पाहतां, उपचार सुरू करावा, असा त्यांतील उपदेश आहे. उपदेश उत्तम आहे. परंतु संशय यावयास कांहीं आधार लागतो. “या तालुक्यांतील गोचिडांत हा जीवाणु आढळला आहे,” एवढें एक वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलें असतें, तर तिसऱ्या दिवशींच कोणीतरी त्या तरुणास गोचिडाविषयीं विचारलें असतें. आम्ही ज्या पाहणीविषयीं लिहीत आहों, तिचें सारें प्रयोजन या एका वाक्यांत आहे.

आतां ही पाहणी करतात कशी, तें सांगितलें पाहिजे; कारण ती कांहीं अद्भुत विद्या नव्हे. गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या कुळांतला आहे. अंड्यांतून निघालेल्या पिलास सहा पाय असतात, पुढील दोन्ही अवस्थांत आठ. एक मादी दोन-तीन हजार अंडीं सहज घालते. गुरांवरचा नेहमींचा गोचीड आपलें सारें आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढतो. परंतु रानांतील पुष्कळ जातींचे गोचीड आयुष्यांत तीन वेळां रक्त पितात, आणि तिन्ही वेळां निरनिराळ्या प्राण्यांचें. पहिलें पोट भरतें तें उंदीर, घुशी, खारी यांच्यावर. दुसरें ससा, मुंगूस किंवा जमिनीवर चरणारे पक्षी यांच्यावर. तिसरें गाय, रानडुकर, कुत्रा, माकड यांच्यावर. माणूस यांपैकीं कोणत्याही वेळीं मध्यें सांपडतो. शिवाय रिकेट्सियासारखे कांहीं जीवाणु मादीच्या अंड्यांतूनच पुढील पिढींत उतरतात, त्यामुळें अशा मादीचें जन्मतःच पिलूं विषारी असूं शकतें. मधल्या काळांत गोचीड गवताच्या पात्यावर चढून, पुढचे पाय पसरून, वाटसराची वाट पाहत बसतो. जवळून जाणाऱ्याचा श्वास व अंगाची ऊब त्यास कळते.

गोचिडाच्या या संवयीचाच पाहणी करणारे उपयोग करून घेतात. दंव वाळल्यानंतर, हातभर रुंद पांढरें फलाणीचें कापड काठीस बांधून तें गवतावरून व झुडपांवरून ओढीत नेतात. कांहीं पावलांवर थांबून कापड उलटें करून पाहतात. खसखशीएवढीं पिलें व तिळाएवढे तरुण गोचीड पांढऱ्या कापडावर ठळक दिसतात. ते चिमट्यानें उचलून कुपींत घालतात, व कुपीवर ठिकाण, तारीख व झाडोऱ्याचा प्रकार लिहितात. त्याबरोबरच गुरें, कुत्रीं व सांपळ्यांत धरलेले उंदीर यांच्या अंगावरचे गोचीडही निराळ्या कुप्यांत घेतात. प्रयोगशाळेंत आधीं जात ठरवितात. नंतर एका जातीचे पांच-दहा एकत्र वाटून त्यांत कोणत्या जीवाणूंचें बीज आहे तें तपासतात. पूर्वीं यासाठीं गिनीपिगांस टोंचून तीं आजारी पडतात कीं काय हें पाहत बसावें लागे. हल्लीं जनुकांच्या परीक्षेनें तें काम दोन-तीन दिवसांत होऊं शकतें. सारांश, अवजड यंत्रें लागतात तीं जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गांवीं. शिवारांत लागतें तें कापड, चिमटा, कुपी, पेन्सिल आणि नेम.

अशा पाहणीनें जगाचा काय लाभ झाला, याचे दाखले पुष्कळ आहेत. अमेरिकेंत माँटाना संस्थानांत बिटररूट नांवाचें खोरें आहे. तेथें एका प्राणघातक ठिपक्यांच्या तापाची दहशत होती. हॉवर्ड रिकेट्स नांवाच्या शास्त्रज्ञानें १९०६ सालीं तो ताप गोचिडाच्या चाव्यानें पसरतो हें प्रयोगानें सिद्ध केलें. चार वर्षांनीं, १९१० सालीं, मेक्सिकोंत अशाच वर्गांतल्या टायफस तापाचा अभ्यास करीत असतां त्यांस तोच रोग जडला व त्यांतच त्यांचें निधन झालें. आज रिकेट्सिया हें नांव त्यांचेंच स्मारक आहे. पुढें त्याच माँटानांत १९३५ सालीं ठिपक्यांच्या तापासाठीं गोळा केलेल्या गोचिडांत एक निराळाच जंतु सांपडला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन शहरीं कत्तलखान्यांतील कामगारांस एक अनोळखी ताप येत होता. दोहोंचा जंतु एकच, हें थोड्याच वर्षांत उघड झालें. क्यू फीवर तो हाच. तिसरा दाखला त्याहून बोलका आहे. कनेक्टिकट संस्थानांत लाइम नांवाच्या गांवीं मुलांचे सांधे सुजूं लागले. १९७५ च्या सुमारास तेथील आयांनीं धरणें धरल्यासारखा पाठपुरावा केला, म्हणून डॉक्टरांचें लक्ष तिकडे वळलें. कारण मात्र सांपडेना. १९८१ सालीं विली बर्गडॉर्फर नांवाचे शास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावरील गोचीड ठिपक्यांच्या तापासाठीं तपासीत होते. जें शोधीत होते तें सांपडलें नाहीं. सांपडला एक मळसूत्रासारखा जीवाणु, आणि तोच लाइम रोगाचा जनक ठरला.

या तीन दाखल्यांतून आम्ही एकच बोध घेतों. शोधावयास गेले एक आणि सांपडलें दुसरें, असें दोन वेळां झालें. परंतु सांपडलें तें शोधावयास गेले म्हणून. घरीं बसणाऱ्यास कांहींच सांपडत नाहीं.

आपल्याकडे हें काम अगदींच झालें नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. १९५७ सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत, शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर रानांत माकडें मरूं लागलीं व पाठोपाठ माणसें तापानें पडूं लागलीं. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रानें, म्हणजे आतांच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें, तेथें रानांत मुक्काम ठोकून गोचीड गोळा केले आणि त्यांतून रोगाचा विषाणु वेगळा काढला. तो हा माकडताप. पुढें तो दक्षिणेकडून सरकत आला. २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ सालीं आपल्या सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत त्यानें काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांस गांठलें. माकडताप हा विषाणूचा रोग, जीवाणूचा नव्हे. त्यामुळें वर सांगितलेलें औषध त्यावर चालत नाहीं. परंतु ज्या कापडानें माकडतापाचे गोचीड गोळा होतात, त्याच कापडावर रिकेट्सियाचेही गोचीड येतात. एका फेरींत गोळा केलेल्या मालाची दोन्ही दृष्टींनीं तपासणी झाली, तर खर्चांत फारसा फरक न पडतां ज्ञान दुप्पट होईल. २०१८ सालीं नागपूरकडे व विदर्भांत स्क्रब टायफसच्या तापानें माणसें दगावलीं, तेव्हां गवतांतल्या एका बारीक किड्यापासून, म्हणजे गोचिडाच्याच दूरच्या भावबंदापासून, हा रोग होतो, हें पुष्कळ गांवांस प्रथमच कळलें. माणसें मेल्यावर पाहणी करावयाची आणि साथ ओसरली कीं दप्तर बांधून ठेवावयाचें, ही आपली रीत आहे. ती बदलली पाहिजे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आम्ही कर्तव्य समजतों. गोचिडांत जीवाणु सांपडला म्हणजे गांवांत रोग आला, असें मुळींच नव्हे. गोचिडांच्या पोटांत त्यांच्याच उपयोगाचे, माणसास निरुपद्रवी असे अनेक जीवाणु असतात, आणि त्यांतले कांहीं दिसावयास रोगकारक जंतूंचे सख्खे भाऊ वाटतात. त्याच्या उलट, घातक जीवाणु फारच विरळ असतो. अमेरिकेंतील ठिपक्यांच्या तापाचा जंतु बाधित प्रदेशांतसुद्धां बहुधा शंभर गोचिडांत एखाद्यांतही आढळत नाहीं. म्हणून वीस-पंचवीस गोचीड तपासून “येथें कांहीं नाहीं” असा दाखला देणें हें, चार दाणे चावून सबंध खळ्याची प्रत ठरविण्यासारखें आहे. शेंकड्यांनीं गोचीड गोळा झाले पाहिजेत, निरनिराळ्या ऋतूंत झाले पाहिजेत, आणि त्याच गांवच्या तापाच्या रोग्यांचें रक्त त्याबरोबर तपासलें गेलें पाहिजे. गोचीड, गुरें व माणसें या तिघांचे कागद एकमेकांस जुळवून पाहिल्याखेरीज कोणत्याही एका कागदास पुरता अर्थ नाहीं. हल्लीं या विचारास “एक आरोग्य” असें नांव दिलें जातें. नांव नवें असलें तरी गोठा व ओसरी यांच्यामध्यें एकच भिंत असते, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

आतां शेतकऱ्यांच्या आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, रानांतील गोचिडांशीं आमचा काय संबंध? याचें उत्तर वर आलेंच आहे. वन खात्याची हद्द नकाशावर असते; रानडुकर, माकड, मोर व मुंगूस यांस ती ठाऊक नाहीं. ते ज्या रात्रीं आपल्या भुईमुगांत येतात, त्या रात्रीं त्यांच्या अंगावरचे गोचीडही बांध ओलांडतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. लोक म्हणतात, “पाहणी करणारे येतील, आमच्या गोठ्यांत जंतु सांपडला असें लिहून नेतील, मग दूध कोण घेईल? जनावरांवर बंदी आली तर आम्हीं खावें काय?” ही भीति निराधार नव्हे. हॉलंड देशांत २००७ ते २०१० या काळांत क्यू फीवरची साथ आली. माणसांत तो जंतु तेथें गोचिडांनीं नव्हे, तर गाभटलेल्या शेळ्यांच्या वारेंतून व गोठ्याच्या धुळींतून पसरला. चार हजारांवर माणसांची नोंद झाली, आणि शेवटीं पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या मारून टाकाव्या लागल्या. ही हकीकत ऐकून कोणत्याही शेतकऱ्याच्या पोटांत गोळा येईल. परंतु तिचा अर्थ काय करावयाचा? जंतु शोधला म्हणून शेळ्या गेल्या कीं तो वेळेवर आटोक्यांत आला नाहीं म्हणून गेल्या? पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत साथ वाढतच गेली. कोणत्या गोठ्यांत रोग आहे हें शेजाऱ्यापाजाऱ्यांस फार उशिरां कळलें, अशी टीका तेथेंही झाली. ज्यास लवकर कळतें, त्यास लस टोंचणें, व्यालेलें जनावर वेगळें बांधणें, वार खोल पुरणें, दूध तापवून घेणें, असे सौम्य उपाय करावयास अवधि मिळतो. ज्यास उशिरां कळतें, त्याच्या हातीं सुरीच उरते. म्हणून पाहणीस विरोध करण्यापेक्षां, पाहणीच्या अटी आधीं ठरवून घेणें हेंच शहाणपणाचें आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, शिकलेल्या लोकांच्या या कामांत अडाणी शेतकऱ्याचा काय उपयोग? यावर अमेरिकेंतील ढोरांच्या तापाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. दक्षिणेकडचीं धडधाकट गुरें उत्तरेकडे नेलीं कीं उत्तरेकडचीं गुरें तापानें मरत. गुरें पाळणारे लोक म्हणत कीं हें गोचिडांचें काम. विद्वान् लोक त्यास हंसत. अखेर थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं दक्षिणेकडच्या कांहीं गुरांचे गोचीड वेंचून काढून व कांहींचे तसेच ठेवून, निरनिराळ्या कुंपणांत प्रयोग केले, आणि १८९३ सालीं गुराख्यांचेंच म्हणणें खरें असल्याचें सिद्ध करून दाखविलें. रक्त पिणाऱ्या किड्यांमार्फत रोग पसरतो याच्या आरंभींच्या सिद्धतांपैकीं ती एक होय. जो रोज गुरांच्या अंगावरून हात फिरवितो, त्याच्या नजरेस मोल आहे.

आमच्या स्वतःच्या धंद्याची एक गोष्ट येथें प्रसंगानें सांगतों. आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. गांव नमुना बारा, पीकपाहणी व आणेवारी यांचे ढीग आमच्या हातांखालून गेले. शिवारांत पाऊल न टाकतां, मागील वर्षाचे आंकडे नव्या पानावर उतरून आलेले नमुनेही त्यांत होते. ते ओळखूं येत. कारण ज्या वर्षीं पाऊसच झाला नाहीं, त्या वर्षींही त्यांत भात तितकाच पिकलेला असे. आम्हीं त्यांवर बरोबरची खूण केली, हें आज कबूल करतों. त्या वेळीं वाटलें, कागद पुरा झाला, काम झालें. पुढें दुष्काळाची सूट देण्याची वेळ आली, तेव्हां त्याच खोट्या आंकड्यांनीं गरीब खातेदारांची सूट बुडविली. खोटी पाहणी ही पाहणी नसण्याहून वाईट, कारण ती डोळ्यांवर झापड बांधते. गोचिडांच्या पाहणीची अशीच गत होऊं नये, म्हणूनच ती केवळ सरकारी नोकरांवर न सोडतां गांवानें आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. २०२१ सालापासून महाराष्ट्रांत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करूं लागला आहे. जो आपल्या पिकाची नोंद करूं शकतो, तो आपल्या गुरांवरच्या गोचिडांची व घरांतल्या तापाची नोंद कां करूं शकणार नाहीं?

आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. पहिली, प्रत्येक तालुक्यांत गायरान, राई, बाग, पडीक जमीन व रानाची कड अशीं कांहीं कायम ठिकाणें ठरवावींत, व तेथें दरसाल त्याच महिन्यांत गोचीड गोळा व्हावेत. ठिकाण बदललें कीं तुलना संपली. दुसरी, निकाल जेथून गोचीड नेले त्या गांवास मराठींत, साध्या शब्दांत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कळवावा, आणि तोच कागद प्राथमिक आरोग्य केंद्रास व गुरांच्या दवाखान्यास जावा. आजवर गांवांतून नमुने जातात, पण गांवांत उत्तर परत येत नाहीं, हें दुखणें जुनें आहे. तिसरी, गोठ्याच्या धन्याचें नांव फळ्यावर येऊं नये, आणि रोगापायीं जनावर नष्ट करण्याची वेळ आलीच, तर भरपाई आधीं ठरावी. चौथी, आपल्या संस्थेनें सरकारची वाट न पाहतां, शेतकी शाळेंतील मुलांच्या मदतीनें दोन-तीन गांवांत आरंभ करावा. मात्र तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं. उत्साहाच्या भरांत उघड्या हातांनीं गोचीड वेंचूं लागणें म्हणजे आगीनें हात धुण्यासारखें आहे.

पाहणी होईल तेव्हां होवो. आजपासून घरोघर करण्याजोग्या चार गोष्टी आहेत. गवताच्या किंवा रानाच्या कामावरून परत आल्यावर कपडे झटकून काखा, जांघा, कानांमागची जागा व केसांची मुळें पाहावींत. गोचीड चिकटलेला दिसल्यास त्यावर रॉकेल ओतूं नये, विडीनें चटका देऊं नये; बारीक टोंकाच्या चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावा व जागा साबणानें धुवावी. गुरांवरचे गोचीड नखांनीं चिरडण्याची आपली जुनी खोड आहे, ती सर्वस्वी सोडावी. चिरडलेल्या गोचिडांतील रस बोटाच्या चिरेंतून अंगांत जाऊं शकतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या दिवशीं गोचीड काढला, तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनीं विचारो वा न विचारो, पहिलें वाक्य तेंच सांगावें.

त्या माउलीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस उशिरां मिळालें. सांगण्यासारखें त्यांत काय होतें? सारें कांहीं त्यांतच होतें. तिच्या घरच्या ओसरीवर आतां दिनदर्शिका टांगलेली आहे, आणि तिचा धाकटा मुलगा गवतावरून आला कीं ती स्वतः त्याची मान दिव्याकडे करून पाहते. एका घरीं जें दुःखानें शिकलें गेलें, तें सबंध तालुक्यास पाहणीनें शिकतां यावें, इतकीच आमची इच्छा आहे. आमच्या कृषिबंधूंनीं येत्या वार्षिक सभेंत हा विषय मांडावा, ही विनंति करून लेख पुरा करतों.